शब्दाचं गाव कोणतं?

जिभाऊंना ऐकू येत नसे, आणि आपल्याला येत नाही म्हणजे जगालाही येत नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. सकाळी मी कामाला निघाले की समोरच्या ओट्यावरून अख्ख्या नवागाम वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "संगी, क्रश म्हंजे काय वं?" मग मला, तिशी उलटलेल्या बाईला, भर गल्लीत ओरडावं लागायचं, "मनात भरलेला मुलगा, जिभाऊ! मुलगा!" भाजीवाला हातातला तराजू तसाच धरून माझ्याकडे बघत राहायचा. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

जिभाऊंचा जन्म कापडाच्या लूमवर गेला आणि त्या खडखडाटात कानही गेले. आई नसलेल्या नातीला, कोमलला, त्यांनीच वाढवलं. ती नर्सिंग शिकायला वडोदऱ्याला गेली आणि पंचाईत झाली. फोनवर दोघं नुसतं हॅलो हॅलो करत रडकुंडीला यायची. उरले मेसेज. त्यात ही बया अर्धं मराठी, पाव हिंदी आणि बाकी सगळं नेटवरचं लिहिणार. क्रिंज काय, सस काय, डिलुलु काय! मी कपडा मार्केटात एका साडीवाल्याचे रील बनवते, म्हणून या शब्दांचा ठेका माझ्याकडे.

नुसता अर्थ सांगून भागलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. आम्हा खानदेशी लोकांना नवा माणूस भेटला की आधी गाव विचारायची सवय. जिभाऊ ती शब्दांनाही लावत. "हाऊ शब्द कोनता गावना शे?" अहो, मला काय माहीत! पण गाव कळल्याशिवाय ते तो शब्द वापरत नसत. "गाव ठाऊक नही, त्याले घरमा कसं लेवानं?" मग मी दुकानात शेठची नजर चुकवून शोधत बसायचे. 'रिझ' म्हणजे भुरळ पाडायची कला, 'कॅरिझ्मा' या इंग्रजी शब्दाचं डोकं-शेपूट छाटून उरलेला तुकडा. 'डिलुलु' म्हणजे स्वतःच्याच भ्रमात राहणारा. तो कोरियन गाण्यांच्या चाहत्यांनी पसरवला. "कोरिया कथा शे?" "चीनच्या पलीकडे, जिभाऊ!" मान हलली. नापास.

'नो कॅप' मात्र पास झाला. म्हणजे खोटं नाही, खरंच. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या काळ्या लोकांच्या बोलीतून आला, त्यांचे पूर्वज तिथे मळ्यांत गुलाम म्हणून कापूस वेचायचे, असं मी घसा फोडून सांगितलं. जिभाऊ म्हणाले, "कापूसना मानसं? मंग आपलाच शे." त्या दिवसापासून कोमलला मेसेज जायला लागले, 'भाकर खाल्ली. नो कॅप.' 'पाणी आलं नाही. नो कॅप.' थोड्याच दिवसांत तिने कळवलं, आबा, आता असं कोणी बोलत नाही. भडकले ते माझ्यावर! "माले शिळं काबरं दिनं?" मी कपाळावर हात मारला. हे शब्द दुधापेक्षा लवकर नासतात, त्याला मी काय करू?

एकदा मी घाईत निघाले असताना त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. कोमलने लिहिलं होतं, 'मी बरी आहे. तुम्ही काळजी करू नका.' मी ओरडून म्हटलं, यात न कळण्यासारखं काय आहे? शुद्ध मराठी आहे! "तेच ना," जिभाऊ पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "पोर माले पाव्हना समजी राहिनी. चाल, वडोदरा जाऊ."

मी चिडले, भांडले. ऐन सीझनमध्ये रजा कोण देणार? पण त्यांना स्टेशनवरची घोषणाही ऐकू येणार नव्हती, म्हणून बोलणी खाऊन रजा काढली. हॉस्टेलात कोमल अंथरुणात पडून होती. पेपर गेला होता, वर्गात जाणं सोडलं होतं, धड जेवतही नव्हती. आबांना बघून ती ओक्साबोक्शी रडली. जिभाऊंनी तिच्या हातात भाकरीचं फडकं दिलं आणि तिचं जेवण होईपर्यंत शेजारी बसून राहिले. आबांना कसं कळलं हे तिला समजेना, तिने तर सगळं ठीक लिहिलं होतं. पुढे ती सावरली, परत वर्गात जायला लागली, आणि माझ्यामागे पुन्हा जिभाऊंच्या शब्दांचा ससेमिरा सुरू झाला.

गेल्या महिन्यात जिभाऊ गेले. कोमल तेरावं आटोपून परतली. सकाळी मी आता शांतपणे कामाला निघते, आणि ती शांतता मला अजिबात सोसत नाही. कोमलला मी रोज काहीतरी फालतू पाठवते. ती मला 'ब्रो' म्हणते, मी तिला झापते.

आज सकाळी विचारलं, जेवलीस का गं? उत्तर आलं, 'ताई, मी बरी आहे. तुम्ही काळजी करू नका.'

रिकाम्या ओट्याकडे बघून मी जोरात ओरडले, "गेलात ते गेलात, हेही माझ्याच गळ्यात बांधून गेलात!" भाजीवाला बघत राहिला. मग शेठला फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं, फडक्यात भाकरी बांधल्या आणि स्टेशनची रिक्षा धरली.