दादाच्या गाडीचे रबरी बूट

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच अंगणात, त्याच्याच मोटरसायकलचं हँडल धरून उभी होते. सकाळी बारामतीच्या दवाखान्यातून त्यानंच मला घरी पिटाळलं होतं. "सुमे, हितं बसून माझं त्वांड काय बघतीस? जा, गाडी दाबून बघ जरा. बूट वर सरकत्यात का ते सांग मला." मी आले. पुढचा ब्रेक धरला, अंगाचा सगळा भार हँडलवर टाकून गाडी खाली दाबली, सोडली, परत दाबली. पुढच्या शॉकअपवर चढवलेले रबरी बूट जागचे हलले नाहीत. हे त्याला कळवावं म्हणून मी फोन हातात घेतला आणि तेवढ्यात तो वाजला. "वन्सं..." वहिनी एवढंच म्हणाल्या. त्यानं मला मुद्दामच बाहेर काढलं असं मला अजून वाटतं. मी रडणार हे त्याला ठाऊक होतं, आणि माझ्या रडण्याचा त्याला लहानपणापासून वैताग.

मधुकर हा माझा थोरला भाऊ. सरकारी कागदावर तो पशुधन पर्यवेक्षक होता, पण लोकांच्या तोंडी गुरांचा डॉक्टरच. नोकरीची बहुतेक वर्षं इंदापूर तालुक्यातल्या कळसला आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर गेली. आमच्या घराण्यात सरकारी नोकरी लागलेला तो पहिला. सुरुवातीला कळसच्या काही घरांत त्याच्या चहाचा कप वेगळा असायचा, हे त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही हसत. मला हसू आलं नव्हतं. पुढं अडलेल्या म्हशी सोडवता सोडवता तो वेगळा कप कधी आणि कुणी उचलून ठेवला, ते त्यालाही आठवत नव्हतं. या सगळ्या काळात त्याच्याखाली एकच गाडी होती... कुणाकडून तरी जुनी म्हणूनच घेतलेली, आणि जिचा कारखाना केव्हाच बंद पडलेला.

मला त्या गाडीचं कधी कौतुक नव्हतं, उलट रागच होता. माझ्या लग्नात पंगत बसलेली असताना पिंपळीहून कुणीतरी धावत आलं, गाय अडली म्हणून. हा नव्या शर्टानिशी गाडीला किक मारून जो गेला, तो माझ्या पाठवणीलाच उगवला. जवळ घेतलं तेव्हा शर्टाला शेणाचा वास येत होता. "कालवड झाली," एवढं तो माझ्या कानात म्हणाला आणि मग माझ्याहून जास्त रडला. सासरी गेल्यावर मला माहेरची आठवण यायची ती त्या वासासकट.

निवृत्तीनंतर तो बारामतीत राहायला आला आणि काही वर्षांत कंपवातानं त्याचे हात धरले. शर्टाची बटणं वहिनी लावायच्या. चहा बशीत ओतला की निम्मा खाली सांडायचा. ज्या हातांनी वासरं ओढून बाहेर काढली, ते हात त्याच्या मांडीवर नुसते थरथरत असायचे आणि तो त्यांच्याकडं परक्यासारखा बघत बसायचा. गाडी अंगणात उभी होती. एक दिवस तो म्हणाला, "मला एकदा कळसला न्ये. ह्याच गाडीवरनं." मी म्हटलं, तुझ्या भाच्याची मोटार आहे, आरामात जाऊ. तर म्हणाला, "मोटारीत बसून पाहुणं जात्यात. मी काय कळसचा पाहुणा हाय व्हय?"

त्याला चालवता येणार नव्हती हे त्यालाही कळत होतं. तो मागं बसणार आणि मी चालवणार, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं. मी जन्मभर शाळेत शिकवायला स्कूटीवर गेलेली बाई. या वयात कॉलेजच्या मागच्या मैदानात गिअर टाकायला शिकले, तो कडेला खुर्चीवर बसून मला शिव्या द्यायचा. पण घरात खरी सत्ता वहिनींची. गाडीच्या पुढच्या शॉकअपमधून तेल गळून चाकावर यायचं, ब्रेक घसरायचा. वहिनींनी बजावलं, "त्याल गळायचं थांबल्याबिगर ह्या गाडीवर कुणी बसायचं न्हाय." त्यामुळं दादाचं कळस त्या तेलाच्या थेंबांवर येऊन अडलं.

गळती कशानं, तर शॉकअपवर घडीघडीचे रबरी बूट असतात ते तडकून फाटले होते. उसाच्या ट्रॉल्यांनी उडवलेली धूळमाती त्यातून आत जाऊन दांड्यावर बसायची आणि तेल अडवणारं सील कापायची. मेकॅनिक घरी आला, त्यानं चाक काढलं, दोन्ही शॉकअप उतरवले, सील बदलले. या गाडीचे मूळ बूट पुण्यातही मिळेनात आणि परदेशातून मागवायची दादाची तयारी नव्हती. त्यानं बारामतीच्या एका स्पेअरच्या दुकानातून दुसऱ्याच कुठल्या गाडीचे स्वस्तातले बूट आणले होते. "रबर ते रबर," म्हणाला. ते लांबीला जास्त आणि तोंडाला अरुंद. मेकॅनिकनं बराच वेळ झटापट केली आणि ब्लेड काढलं. बूट उभा चिरू, गुंडाळू आणि तारेनं आवळू, बाहेरून कळणारही नाही, असं त्याचं म्हणणं. दादानं ब्लेड ठेवायला लावलं. "चिरायची घाई करायची न्हाय. तू जेवून ये. तवर आमी बघतो."

आमी म्हणजे मी. उतरवलेले शॉकअप घेऊन मला मोरीत बसवलं. वहिनींच्या दुधाच्या पातेल्यात पाणी तापवून बूट त्यात टाकले. मी गोडेतेलाची बाटली उचलली तर ओरडला, तेलानं रबर फुगतं म्हणून. मग साबणाचा फेस केला, अगदी कोपरापर्यंत, तो गोठ्यात करायचा तसा. आणि मग तो गुरांच्या डॉक्टरसारखंच बोलायला लागला. "वढू नगं. फिरव. आता दम खा. तिला बी दम खाऊ दे. हां, आता..." मी म्हटलं, दादा, हे रबर आहे, ह्याला कळा येत नाहीत. तो म्हणाला, "तू गप फिरव."

पहिला बूट बसला, पण उलटा. हवा जायची बारीक भोकं मागं पाहिजेत, मी पुढं आणली होती. ती पुढं राहिली तर सगळा चिखल आत, म्हणून तो परत उतरवून फिरवला. दुसरा मात्र निम्म्यात अडला. माझी बोटं दुखायला लागली, हात निसटायला लागले. तेव्हा दादा स्टूलवरून उतरून माझ्याशेजारी ओल्या फरशीवर बसला आणि त्यानं त्याचे दोन्ही हात माझ्या हातांवर ठेवले. ते थरथरत होते. त्या थरथरीबरोबर रबर हळूहळू पुढं सरकायला लागलं. मी जोर लावतच नव्हते. बूट चढला, त्याची कड खाचेत बसली, आणि दादा स्वतःच्या हातांकडं बघून म्हणाला, "आजार उपेगी पडला बघ." आम्ही दोघं साबणात भिजलेले हसत बसलो. मागून वहिनी आल्या, पातेलं बघितलं, आणि परत आत गेल्या.

येत्या रविवारी जायचं ठरलं. तेल गळत नव्हतं, वहिनींची अट पुरी झाली होती. शनिवारी त्याला ताप भरला, छातीत कफ झाला. पुढचं सांगायला माझ्याकडं काही नाही. त्याची एवढी एकच इच्छा होती, सगळी तयारी झाली होती, आणि ती राहिली. याचं दुःख मला त्याच्या जाण्याइतकंच आहे, कधीकधी जास्तच.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर वहिनीच म्हणाल्या, "वन्सं, तुमी जाऊन या." मी एकटी निघाले. मागची सीट रिकामी असली की ही गाडी हलकी लागते, खड्ड्यात उडते. बूट कुठं सरकले नाहीत. कळसच्या अलीकडं एका वस्तीवर मी वेग कमी केला, कारण दादाचे जुने स्नेही नामदेवतात्या तिथं राहतात हे मला माहीत होतं. बघते तर तात्या गोठ्यातून म्हैस सोडून अंगणात घेऊन उभे. हातात दावं. मला वाटलं, यांना कळलंच नाही की काय. घाबरतच विचारलं, "तात्या, म्हशीला काय झालंय?"

"काय न्हाय. चांगली हाय." ते खाली बघत म्हणाले. "डॉक्टर न्हाईत ते ठावं हाय मला, ताई. मातीला हुतो की मी. पर गाडीचा आवाज आला, आन हात आपसूक दाव्याकडं गेलं..."

गाडी बंद करावी म्हणून मी चावीकडं हात नेला.

"ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. "जरा चालू ऱ्हाऊ द्या."