विसरणारा ब्राउझर

कुंदाताई पुस्तक कधी सरळ ठेवायच्या नाहीत. वाचक टेबलाशी आला की त्या पुस्तक हातात घेत, क्रमांक टिपत आणि नाव खाली जाईल असं पालथं करून परत देत. रांगेत मागे उभ्या असलेल्याला पुढच्याने काय नेलं ते दिसू नये, एवढ्यासाठी. ज्या डोंबिवलीत शेजाऱ्याने कुठली भाजी आणली ते पिशवीच्या आकारावरून ओळखतात, तिथे हा प्रकार लोकांना विचित्रच वाटायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "डॉक्टरकडे गेलास की दार लोटून घेतात ना? मग झालं तर."

माझं स्टेशनजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या पूर्वेच्या वाचनालयाने वाचकांसाठी इंटरनेटचा कक्ष काढला तेव्हा तिथल्या यंत्रांची देखभाल माझ्याकडे आली. कुंदाताई तिथल्या ग्रंथपाल. ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या, सुती साडी, केसांत अबोली आणि नाकावर घसरणारा चष्मा. पहिल्याच दिवशी मी त्यांना रंगीत चकतीच्या चित्राचा ब्राउझर उघडून दाखवला. कसा झटपट चालतो, पासवर्ड कसे लक्षात ठेवतो, काल काय बघितलं ते आज कसं समोर आणून ठेवतो, सगळं कौतुकाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा विसरतो का?"

इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण असं मला कुणी विचारलं नव्हतं. लोक विचारतात, वेगवान कुठला, फुकट कुठला. मी म्हटलं, विसरायला कशाला हवं? त्या म्हणाल्या, "अरे, लक्षात ठेवायला मी आहे की. यंत्र मला विसरणारं हवंय." शेवटी कोल्ह्याच्या चित्राचा ब्राउझर घातला आणि खिडकी बंद केली की मागचं सगळं पुसलं जाईल अशी सोय करून दिली. चकतीतही हे करता आलं असतं. पण मी पहिल्यांदा दाखवताना चकतीच्या स्मरणशक्तीचे इतके गोडवे गायले होते की ती त्यांच्या मनातून कायमची उतरली.

मग सुरू झाली निवृत्त मंडळींची कटकट. एका बँकवाल्या काकांना चकतीच हवी, कारण बंगळूरच्या मुलाने तीच सांगितलेली. एका माजी रेल्वे गार्डांना कोल्हा आवडे, कारण त्यात एकदा अक्षरं मोठी झाली होती आणि ती छोटी कशी करायची हे त्यांना कळलं नव्हतं. तिसरे गृहस्थ पंख्याखालच्या यंत्रावर जे असेल ते वापरत आणि तेच कसं उत्तम आहे हे बाकीच्यांना पटवत. ब्राउझरवरून या लोकांनी एकमेकांशी अबोला धरलेला मी पाहिला आहे. कुंदाताई हसायच्या. "माणूस ब्राउझर निवडत नाही रे. पहिल्यांदा ज्याने माऊस हातात दिला, त्याच्यावर भरवसा ठेवतो."

बँकवाले काका एकदा चांगलेच तापले. रोज रोज पासवर्ड काय टाकायचा, हे वाचनालय आहे की तुरुंग? कुंदाताई जागेवरून उठल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "काका, तुमच्या खुर्चीत तासाभराने दुसरं कुणी बसणार आहे. तुमचं खातं त्याच्यासाठी उघडं ठेवू का?" काका पुटपुटत पासवर्ड आठवायला लागले.

ही खोड त्यांच्यात आईकडून आली होती. आई ठाण्याच्या नौपाड्यात मासळीची टोपली घेऊन फिरायची. तिथल्या एका घरात मासळीचं नावही चालत नसे, पण सून आली होती मासे खाणाऱ्या घरातून आणि तिला दिवस गेले होते. कुंदाताईंची आई तळलेल्या तुकड्या डब्यात घालून त्यावर मेथीची जुडी ठेवून न्यायची. सून मागच्या नळापाशी उभी राहून खायची. एक दिवस सासऱ्याने बाजारात गाठून विचारलं, आमच्या सुनेला तू काय देतेस? आई डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, मेथी, पोटुशीला चांगली असते. ही गोष्ट सांगताना कुंदाताईंची भाषा बदलायची. "माजी आय म्हनायची, गिऱ्हाइकाचा म्हावरा झाकून द्यावा, नि आपला तोंडपन झाकून ठेवावा."

आता नानांबद्दल. नाना वाचनालयाचे कार्याध्यक्ष. माणूस वाईट नाही. वाचनालयाची इमारत त्यांनी दारोदार फिरून उभी केली, हे कुंदाताईसुद्धा मान्य करायच्या. पण आपण उभं केलेलं सगळं आपल्याला आतूनही दिसलं पाहिजे, असं त्यांना वाटे, आणि त्यात त्यांची मुलगीही आली. मृदुला, पदवी झालेली. तिचा फोन घरात रोज तपासला जायचा. म्हणून ती दुपारी आमच्या कक्षात येऊन कोपऱ्यातल्या यंत्रावर बसायची. महिनाभर आली. कुणीतरी नानांच्या कानावर घातलं आणि नाना माझ्या दुकानात आले.

ती काय बघत होती ते काढून द्यायला त्यांनी मला सांगितलं. मी त्यांच्याबरोबर कक्षात जाऊन यंत्र उघडलं. कोल्ह्याने सगळं पुसून टाकलं होतं. काही नाही, नाना, असं म्हटल्यावर ते थेट कुंदाताईंच्या टेबलाशी गेले. मी मागोमाग होतो. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खालीच आला होता. म्हणाले, "बाई, मी बाप आहे तिचा. तुमचं टेबल तिच्या मागेच आहे. तुम्हाला माहीत असणार."

कुंदाताईंनी चष्मा काढला. "नाना, मला माहीत आहे की नाही, तेसुद्धा मी तुम्हाला सांगणार नाही."

पुढच्याच बैठकीत ठराव झाला. सर्व यंत्रांवर चकती बसवायची, प्रत्येक सभासदाने आपल्या नावाने आत शिरायचं आणि कोणी काय पाहिलं त्याची नोंद कार्यकारिणीकडे राहील. कुंदाताईंच्या नोकरीची मुदतवाढ त्याच सुमारास व्हायची होती. दोन गोष्टींचा संबंध कुणी बोलून दाखवला नाही आणि तो न कळण्याइतकं दूधखुळंही तिथे कुणी नव्हतं. मृदुला काय शोधत होती, याच्या अंदाजांना गावभर ऊत आला होता. कुणी म्हणे परजातीतला मुलगा, कुणी म्हणे परदेश, कुणी म्हणे काहीतरी आजार. मला संताप यायचा तो या लोकांचा. ज्या मुलीशी आयुष्यात धड दोन वाक्यं बोलले नाहीत, तिच्या पोटातलं यांना हवं होतं.

मी यंत्रांवरचा ब्राउझर बदलायला गेलो तेव्हा मला वाटलं होतं, ताई दारात आडव्या होतील. त्यांनी मला चहा दिला. म्हणाल्या, "ठराव झालाय, कर तू तुझं काम. मी माझं करते." आणि त्यांनी एक मोठा पांढरा पुठ्ठा घेतला, आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं आणि तो दर्शनी दारावर लावला. सूचना अशी होती: येथील संगणकावर आपण काय शोधले, हे कार्यकारिणीला कळवण्यात येते. आपल्या कुटुंबीयांनी चौकशी केल्यास त्यांनाही कळवण्यात येईल. खाली ठरावाचा क्रमांक आणि त्यांची सही. ठरावात नव्हतं असं त्यात एकच वाक्य होतं, आणि ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ही गर्दी. बँकवाले काका सगळ्यात पुढे. आपल्या मधुमेहाबद्दल आपण काय वाचतो ते सुनेला कळणार, या विचाराने ते घामाघूम झाले होते. गार्डसाहेब मृत्युपत्राची माहिती शोधत होते, असं त्यांनी स्वतःच भर दारात सांगून टाकलं. एकमेकांच्या ब्राउझरला नावं ठेवणारी ही मंडळी एका सुरात म्हणाली, आम्हाला कोल्हा हवा. नाना आले आणि ही सूचना कुणी लावली म्हणून त्यांनी विचारलं. कुंदाताई म्हणाल्या, "मी. नियम चांगला असेल तर दारावर लिहायला काय हरकत आहे?"

ठराव मागे घेतला गेला. कोल्हा परत आला. कुंदाताईंची मुदतवाढ मात्र आली नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळी पुस्तकं जागच्या जागी लावली, किल्ल्या दिल्या आणि मला म्हणाल्या, "सुहास, तोंड एवढंसं करू नकोस. मी हरले असते तर कोल्हा परत आलाच नसता." त्यानंतर मी अधूनमधून कोळीवाड्यात जायचो. तिथेही त्यांनी वस्तीतल्या बायकांना फोनवर ब्राउझर कसा पुसायचा ते शिकवायला घेतलं होतं. मृदुलाचा विषय आमच्यात कधी निघाला नाही. मला विचारावंसं वाटायचं आणि त्यांच्याकडे बघून मी गप्प बसायचो.

गेल्या वर्षी त्या हृदयविकाराने गेल्या. वाचनालयाने शोकसभा घेतली, अध्यक्ष अर्थात नाना. शिस्तप्रिय, कर्तव्यदक्ष वगैरे भाषणं झाली. बँकवाले काका बोलता बोलता रडले. मला बोलायचं होतं, पण ज्यांनी त्यांना घरी बसवलं त्यांच्यासमोर त्यांचे गुण गायची माझी इच्छा होईना. तेवढ्यात मागच्या रांगेतून मृदुला उठली. ती आता पुण्याला नोकरी करते, एवढंच मला ठाऊक होतं.

ती माइकपाशी गेली नाही, जागेवरूनच बोलली. "मी तेव्हा इथे येऊन काय शोधत होते, हे बाबांनी कुंदाताईंना विचारलं. सुहासदादांना विचारलं. माझ्या मैत्रिणींना विचारलं, त्यांच्या आयांना विचारलं. कुंदाताईंनी मला कधीच काही विचारलं नाही. मी यायच्या आधी त्या कोपऱ्यातला पंखा माझ्या खुर्चीकडे फिरवून ठेवायच्या." तिने नानांकडे पाहिलं. "बाबांनी मला अजून विचारलेलं नाही. बाबा, मी संध्याकाळपर्यंत डोंबिवलीत आहे."

ती खाली बसली. आभार कुणी मानायचे ते कुणालाच सुचेना, म्हणून सभा तशीच संपली. लोक उठले तरी पाय काढेनात, सगळ्यांचे डोळे नानांवर. नाना व्यासपीठावरून उतरले आणि खुर्च्यांचा आधार घेत मागच्या रांगेकडे निघाले. मी बँकवाल्या काकांचा दंड धरला, त्यांना दाराबाहेर नेलं, मग बाकीच्यांनाही बाहेर काढलं आणि बाहेरून दार लोटून घेतलं.