बोगद्याअलीकडचा ओढा

सदाशिव पेठेत जीप बाळगणं म्हणजे शेजाऱ्यांच्या टोमण्यांना आमंत्रण. "कुठल्या लढाईवर निघालात?" हे मी वर्षानुवर्षं ऐकतोय. पण घाटाखालच्या ज्या दरीतले रूळ रेल्वेने केव्हाच उचलून नेले, तिथल्या ओसाड बोगद्यांपर्यंत दुसरी गाडी जातच नाही, त्याला मी काय करू?

जायचो आम्ही दोघंच, मी आणि बायको. अवघड जागा आली की ती खाली उतरायची आणि गाडीपुढे उलटी चालत हातांनी सांगायची: डावीकडे, अजून, बस. बॉनेटच्या पुढचं मला दिसत नाही. तिचे हात दिसायचे. "गाडी मी चालवते, हे नुसतं स्टिअरिंग धरतात," असं ती चारचौघांत म्हणायची आणि मला राग यायचा.

मग मुलीच्या बाळंतपणासाठी ती अमेरिकेला गेली. मुक्काम एकदा वाढला, पुन्हा वाढला. "तुमची आबाळ होतेय का?" असं तिने फोनवर विचारलं, तर मी म्हणालो, "छे, मजेत आहे." कसली मजा? डब्याच्या जेवणाला विटलो होतो आणि दिवसभर घरात माझाच खोकला मला ऐकू यायचा. पण 'परत ये' म्हणायला जीभ रेटत नव्हती.

म्हटलं, एकट्याने बोगदा गाठून दाखवू, मग म्हणायची वेळच येणार नाही. एका रविवारी निघालो. शेवटच्या ओढ्यापाशी पोचलो तेव्हा पलीकडे बोगद्याचं तोंड दिसत होतं. उतरून धोंडे नीट पाहिले, पण सीटवर बसलो की कुठला धोंडा कुठे ते आठवेना. पुन्हा उतरलो, पुन्हा चढलो. शेवटी पुढचं चाक दोन धोंड्यांत अडकलं. मी खिडकीतून डोकं काढून ओरडलो, "अगं, डावीकडे घेऊ का?"

ओरडल्यावर भानावर आलो. दरीत चिटपाखरू नव्हतं. मला रडू आलं. बघायला कोणी नव्हतं, म्हणून आवरलंही नाही.

दगड उपसून, मागे घेत घेत, जीप कशीबशी बाहेर काढली. बोगदा राहिला.

संध्याकाळी फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"बोगद्याकडे गेलो होतो," मी म्हणालो.

"एकटे?"

"हो. नाही जमलं. तुझ्याशिवाय मला काही म्हणजे काही जमत नाही. तू परत ये."

इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच असलं काही बोलत होतो, त्यामुळे आवाज जरा चढलाच असावा. ती कुजबुजली, "अहो, हळू बोला. बाळ आत्ताच झोपलंय."