चतुराबाईची जीभ

चतुराबाई लग्न होऊन पूर्णेकाठच्या या गावात आली ती चांदूर बाजारकडून, म्हणजे गोड्या पाण्याच्या मुलखातून. एवढ्या एका गोष्टीवर तिला गावात मान मिळाला. इथं खारपाणपट्टा. जमिनीखालचं पाणी असं, की त्यात डाळ शिजत नाही आणि चहात दूध टिकत नाही. म्हणून नवा बोअर लागला की पहिलं पाणी गोड्याकडच्या सुनेनं चाखायचं, अशी रीतच पडली होती. जन्मापासून खारं पिणाऱ्यांना काय कळणार? चतुराबाई घोट घ्यायची, थुंकायची आणि "खारं" म्हणून मोकळी व्हायची.

लग्नाला वीस वर्षं झाली तेव्हा वस्तीतल्या बुद्धविहारामागे हातपंप बसला. त्याचा घोट मात्र तिनं गिळला. "गोड हाय," म्हणाली. तिचा नवरा श्रावण ते पाणी अकरा वर्षं प्यायला. मग त्याचे पाय सुजले आणि अकोल्याच्या डॉक्टरांनी दोन्ही किडन्या गेल्याचं सांगितलं. तो गेला, आणि त्याच्यामागून वस्तीतले आणखी चौघे गेले. कुणी तिला एका शब्दानं बोललं नाही, आणि तेच तिला सोसवेना. पंप उखडून नेला, तरी दुपारी भांडी घासताना तिला दांड्याची कुरकुर ऐकू येते. श्रावण लोटा घेऊन उंबऱ्यात उभा असतो.

"गोड हाय न वं?" एवढंच विचारतो.

यंदा त्या जागेपासून पन्नास पावलांवर नवा बोअर लागला. नळाचं पाणी बारा दिवसांनी येतं आणि सून संध्या सात महिन्यांची गरोदर. "आई, तुमी म्हनाल तं पेईन," ती म्हणाली. चतुराबाईनं दोन दिवस मागून घेतले आणि जीभ पारखून घ्यायला माहेरची एसटी धरली.

तिकडे संत्र्याच्या बागा, दुमजली घरं, भावाची पोरं अमरावतीत क्लासला. इकडे एका पावसावर एक पीक, आणि पोरगी द्यायची म्हटलं की लोक आधी पाणी विचारतात. माती दोन्हीकडे तीच काळी. खालच्या पाण्यानं सगळा फरक केला, आणि शहाणी माणसं इकडच्यांना आळशी म्हणतात. हसावं की रडावं?

भगवंत, तिचा धाकटा भाऊ, विहिरीचं पाणी घेऊन आला. या पाण्यासाठी ती पस्तीस वर्षं झुरली होती. पण घोट घशाखाली उतरेना. ती स्वयंपाकघरात गेली, चिमूटभर मीठ टाकलं, ढवळलं आणि मग घटाघटा प्यायली.

"बाई, हे काय करून राहिली?" भगवंतनं विचारलं.

"फिकं लागते रे," ती बोलून गेली, आणि हातपंपाचा तो गिळलेला घोट तिला आठवला.

ती परतली तेव्हा अंगणात माणसं जमली होती. संध्यानं नव्या बोअरचं पाणी गिलासात आणलं. चतुराबाईनं घोट घेतला. आईच्या हातचं असावं इतकं गोड पाणी. तिनं उंबऱ्याकडे पाहिलं. श्रावण होताच, लोटा घेऊन.

तिनं गिलास अंगणात ओतून दिला.

"खारं हाय का, आई?" संध्यानं विचारलं.

"मले गोड लागलं," चतुराबाई सगळ्यांदेखत म्हणाली. "तुह्या सासऱ्याच्या वक्ती बी गोडच लागलं होतं. नोको पिऊ, पोरी."