घोडा थांबतो कुठे

नातीचे फासे टेबलावर खुळखुळले, की मला स्नेहलतागंजातली आमची खोली आठवते. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिलाच. एकदा मित्रांबरोबर फरशीवर खडूने घरं आखून, फासे घेऊन राक्षस आणि घोडेस्वारांच्या लढाईचा खेळ रचत होतो. घोडा तीन घरं सरळ दौडत आला, तर त्याचा वार दुप्पट, असा नियम केला. मग दर डावात घोडेस्वारच जिंकू लागले आणि मजाच गेली.

बाबा दारात उभे होते. पूर्वी संस्थानच्या रिसाल्यात घोड्यांची निगा राखायचे, आता टांगा हाकायचे. अंगाला घोड्याचा, भिजवलेल्या चण्यांचा वास. अक्षरओळख नव्हती. ते काही बोलले तर मित्र हसतील, अशी मला धास्ती.

"वार केल्यावर घोडा थांबतो कुठे?" त्यांनी विचारलंच.

"तिथेच, काकाजी," मित्रांपैकी एक, वकिलांचा मुलगा, म्हणाला.

"वा भिया, वा रे भाऊ!" बाबा म्हणाले. "घोडा काय सायकल आहे, ब्रेक मारला की उभा? तो दोन घरं पुढे जाणारच. वळेपर्यंत त्याची पाठ उघडी!"

खेळ एकदम जिवंत झाला.

आज कळतं, ते दारातच का उभे होते. माझी लाज त्यांनी ओळखली होती, तरी आमचा अडलेला डाव सोडवून दिला. त्यांचे उपकार आहेतच, आणि त्या वकिलांच्या मुलाचेही. "काकाजी, इथे बसा ना," म्हणत सतरंजीवर जागा त्याने करून दिली.