वहिनीला सांगितलेली विलायती गोष्ट

दादाने मुंबईहून मला एक इंग्रजी कादंबरी आणून दिली, तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि वहिनी अठराची. दादा माझा थोरला भाऊ. मुंबईत एका कचेरीत कारकून होता, खाणावळीत जेवायचा आणि वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि दिवाळीला, आगबोटीने रत्नागिरीला यायचा. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण वहिनी आमच्याकडेच, सासूसासऱ्यांपाशी. "जागा मिळाली की नेतो," असं तो दर खेपेला म्हणायचा. पुस्तक त्याने रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून घेतलं होतं. पुठ्ठा गेलेला, पहिली चार पानं नाहीत. "तुझं इंग्रजी सुधारेल," म्हणाला. आमचे वडील अण्णा कोर्टात नोकरीला होते. त्यांना माझ्या इंग्रजीचा अभिमान होता आणि आईला त्याची धास्ती.

गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच्या विलायतेतली होती. एक तरुण उमराव, देखणा, गडगंज आणि गर्विष्ठ. एक पाद्र्याची पोरकी मुलगी, त्याच्या म्हाताऱ्या आत्याला सोबत म्हणून येऊन राहिलेली. पहिल्याच नाचाच्या मेजवानीत तो तिच्या जुन्या झग्याला हसतो, ती चारचौघांत त्याला उलटून बोलते, आणि तिथून तो तिच्यात गुंतत जातो. मी शब्दकोश घेऊन रोज पाच-सहा पानं वाचायचे आणि दुपारी मागच्या पडवीत ती वहिनीला मराठीत सांगायचे. पाऊस लागला होता. आगबोट बंद, शाळेला वरचेवर सुट्टी. आई माजघरात आडवी झालेली असायची. वहिनी समोर टोपली घेऊन फणसाच्या आठळ्या सोलत बसायची.

"नाचतात म्हणजे? बायका नि पुरुष एकत्र?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"हो."

"आणि सासू काय म्हणते?"

"अजून लग्न कुठे झालंय? सासू कुठली?"

"मग त्याची आई. ती काय म्हणते?"

"ती मेलीय."

"तरीच," वहिनी म्हणाली आणि पुढची आठळी उचलली.

वहिनीचं माहेर पालीच्या बाजूला, शेतकऱ्याचं घर. मराठी तिसरीपर्यंत शिकलेली. बोलताना ती शेवटचा शब्द लांबवायची, त्यावरून आम्ही तिला हसायचो. पण तिच्याइतकं मन लावून ऐकणारं माणूस मला नंतर कधी भेटलं नाही. उमराव त्या मुलीचा हातमोजा उतरवून तिच्या हाताचं चुंबन घेतो, असं एका पानावर होतं. ते मराठीत कसं सांगायचं मला कळेना. मी म्हटलं, "त्याने तिचा हात कपाळाला लावला."

"म्हणजे पाया पडला?"

"तसंच काहीतरी."

वहिनीने हातातली आठळी टोपलीत ठेवली. मग हळूच म्हणाली, "बाईच्या पाया पडतो हो. एवढा उमराव असून." त्या दिवसापासून ती दुपारची कामं भराभर उरकू लागली. पाणी शेंदतानाही विचारायची, "वन्सं, आज तो येणार का हो बागेत?" दादाचा विषय निघाला की पदराआड हसून म्हणायची, "आमचे उमराव येतील दिवाळीला."

त्याच सुमारास दापोलीकडचं एक स्थळ मला बघायला आलं. मुलाचे वडील, मामा आणि एक म्हातारे काका. आठ दिवसांनी निरोप आला. मुलगी सावळी आहे, शिवाय इंग्रजी शिकलेली, घरात रमायची नाही. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी विहिरीकडे गेले, तर वहिनी शेजारच्या काकूंना सांगत होती, "पोह्यांची बशी पुढे करताना वन्सांचे हात असे थरथरत होते. निम्मे पोहे त्या म्हाताऱ्याच्या मांडीवर!" तिने हात थरथरवून दाखवले. दोघी पोट धरून हसल्या.

तिच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी मागच्या मागे वळले. घरात येऊन पुस्तक उघडलं आणि उरलेलं सगळं एका दमात वाचून काढलं. शेवट गोड होता. उमराव चिखलातून घोडागाडी हाकत तिच्या गावी येतो, सगळ्या गावासमोर गुडघे टेकून माफी मागतो, आणि गावातल्या छोट्या चर्चमध्ये त्यांचं लग्न लागतं. मला तो शेवट आवडला. दुसऱ्या दिवशी मी वहिनीला दुसराच सांगायला सुरुवात केली.

मी त्यांचं लग्न गोष्टीच्या मधेच लावून टाकलं. वहिनीने टाळ्या वाजवल्या. मग मी उमरावाला कामासाठी लंडनला पाठवलं आणि त्याच्या बायकोला गावी, म्हाताऱ्या आत्यापाशी ठेवलं.

दादाची पत्रं अण्णांच्या नावाने यायची. पावसाळ्यात टपाल घाटावरून यायचं, त्यामुळे उशिरा. अण्णा कोर्टात असायचे, म्हणून आईला ती मीच वाचून दाखवायचे, आणि वहिनी दाराआड उभी राहून ऐकायची. तिचं नाव पत्रात कधी नसायचं, तशी पद्धतच नव्हती. ती पत्रं मला तोंडपाठ होती. त्यातली वाक्यं मी उचलली.

"मग उमरावाचं पत्र आलं," मी म्हटलं. "त्यात एवढंच होतं. कामाचा व्याप फार आहे. इतक्यात येणे होणार नाही. सर्वांनी प्रकृतीस जपावे."

वहिनीचा हात थांबला. "असंच लिहिलंय पुस्तकात?"

"असंच. हे बघ." मी एका ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ घोड्यांबद्दल होती. वहिनी वाकून त्या अक्षरांकडे बघत राहिली.

पुढे पंधरा दिवस मी रोज थोडंथोडं सांगत गेले. उमरावाने नवे कपडे शिवले. दादानेही नवा कोट शिवल्याचं मागच्या पत्रात होतं. उमरावाला लंडनला घर बघायला वेळ मिळेना. मग कोणीतरी त्याला गाडीत पाहिलं, शेजारी एक बाई, पांढरे हातमोजे घातलेली. ते सांगताना मी वहिनीच्या तोंडाकडे बघायचे. तिचा चेहरा जसजसा उतरायचा, तसतसं मला पुढचं सुचत जायचं. एवढं सुख मला त्या वर्षात दुसऱ्या कशात मिळालं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण ते तसंच होतं.

वहिनीचं जेवण कमी झालं. आई तिच्यावर खेकसायची, "अन्नाला नावं ठेवतेस का गो?" एके दुपारी वहिनीने विचारलं, "शेवट काय होतो, वन्सं?"

"ती मरते," मी म्हटलं. "एकटीच. तिला पुरल्यावर तो येतो, त्या दुसरीला घेऊन."

वहिनी उठून आत गेली. टोपलीतल्या आठळ्या मी सोलल्या.

चार दिवसांनी तिने माझ्याकडून एक पाकीट मागून घेतलं आणि दादाचा पत्ता घालून मागितला. आत काय आहे ते मी विचारलं नाही. पत्ता मात्र सुरेख इंग्रजी अक्षरात घातला.

दिवाळीला दादा आला तो गप्पच. दोन दिवस तो वहिनीच्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही. भाऊबीजेला घर भरलेलं होतं. चुलत भावंडं होती, शेजारच्या काकू होत्या. मी दादाला ओवाळलं. त्याने ताटात ओवाळणी घातली. फराळाच्या बश्या फिरल्या, आणि मग त्याने कोटाच्या खिशातून पत्र काढलं.

"आपल्याकडे हल्ली लेखिका झाल्यात," तो म्हणाला आणि मोठ्याने वाचू लागला.

वहिनीने तिच्या वळणाने लिहिलं होतं. 'मला सर्व कळले आहे. तुम्ही तिला गाडीत घेऊन फिरता. तुम्ही तिच्यासंगती नाच करता. तिला हातमोजे घेऊन दिले असतील. मी मेल्यावर तिला इकडे आणू नये.' प्रत्येक वाक्याला हशा पिकत होता. हातमोज्यांवर तर काकूंना ठसका लागला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात करंज्यांचं ताट घेऊन उभी होती. ताट खाली ठेवायचंही तिला सुचेना.

"हे कुठून शिकलीस?" दादाने विचारलं.

ती म्हणाली, "पुस्तकात आहे."

दादाने मला पुस्तक आणायला सांगितलं. मी आणलं. त्याने शेवटची पानं उलटली आणि उभ्याउभ्याच त्यांचा अर्थ सांगत गेला. चिखल, घोडागाडी, गुडघे टेकणं, चर्चमधलं लग्न. सगळे पुन्हा हसले. वहिनीने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून चकली मोडत होते.

"गिरगावात खोली मिळाली होती," दादा म्हणाला. "दिवाळी झाली की घेऊन जाणार होतो हिला. हे पत्र आलं आणि दुसऱ्या दिवशी खोली सोडली. संशयी बाईबरोबर एका खोलीत कोण राहणार?"

अण्णा पायात वहाणा घालून बाहेर निघून गेले. आई मला म्हणाली, "कसल्या गो थट्टा करतेस!" आणि वहिनीला म्हणाली, "तिचं पोरवय आहे. तुला अक्कल नको?" एवढ्यावर माझा विषय संपला.

वहिनीचा संपला नाही. ती आणखी नऊ वर्षं त्या घरात राहिली. त्या दिवसापासून तिचं नाव मडम पडलं. "मडम, पाणी आणा." "मडम, हातमोजे घालून शेण काढा." शेजारची पोरंही म्हणायची. मीही म्हणायचे, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने. दादा वर्षातून दोनदा यायचा. दोन मुलं झाली. ती बापाला बघितलं की आईच्या मागे लपायची. अण्णा वारले. आईला पक्षाघाताचा झटका आला, एक पाय लुळा पडला, आणि तिचं उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं वहिनीकडे आलं.

माझं लग्न सोळाव्या वर्षी दापोलीच्या एका मास्तरांशी झालं. माणूस बरा होता. माहेरपणाला आले की वहिनी माझ्या पानात पहिली पोळी वाढायची. पहिल्या बाळंतपणाला आले होते, तेव्हा ती माझ्या अंगाला तेल लावत असताना मला राहवलं नाही.

"वहिनी, ती गोष्ट मी मुद्दाम बदलली होती," मी म्हटलं.

तिचे हात चालूच होते. "मला तेव्हाच कळलं, वन्सं. ह्यांनी शेवट वाचला तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणाला सांगायचं? कळलं तर सगळ्यांनाच होतं."

खरंच, सगळ्यांनाच कळलं होतं. दादाला सगळ्यांच्या आधी. मी रडायला लागले. ती म्हणाली, "ओल्या बाळंतिणीने रडू नये, डोळे जातात," आणि वाटी उचलून गेली.

नवव्या वर्षी खाणावळीच्या जेवणाने दादाच्या पोटात दुखू लागलं. डॉक्टरांनी घरचं खायला सांगितलं. त्याने खोली घेतली आणि वहिनीला मुलांसह बोलावून घेतलं. आईला बघायला मी दापोलीहून आले. मांडवीच्या बंदरावर वहिनीला पोचवायलाही मीच गेले. आगबोट लांब खोल पाण्यात उभी होती. तिथपर्यंत वल्ह्यांच्या पडावातून जायचं. वहिनीने नवं लुगडं नेसलं होतं. मुलांना दोन्ही बाजूंना घेऊन ती पडावात बसली. मी हात हलवला. तिचं लक्ष आगबोटीकडे होतं.

आईचं करणं किती असतं ते मला पंधरा दिवसांत कळलं. माझ्या हातचं तिला आवडेना. रात्रंदिवस हाका. न्हाऊ घातलं तर पाणी गार, नाही घातलं तर शिव्या. तिकडे मास्तर हाताने भात शिजवून खात होते, माझा मुलगा गावी सासूकडे होता. तिसऱ्या आठवड्यात मी दादाला पत्र लिहिलं. आई अत्यवस्थ आहे, वैद्यांनी आशा सोडली आहे, सारखं वहिनीचं नाव घेते आहे, ताबडतोब पाठवून द्यावे. आई तेव्हा खाटेवर बसून चहात बुडवून बटर खात होती. वहिनीचं नाव ती घेत होती, एवढंच त्यात खरं होतं. पाकिटावर पत्ता घालताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही.

आठव्या दिवशी वहिनी आली. मुलांना मागे ठेवून एकटीच आली होती. बंदरापासून चालत आल्याने पाय धुळीने भरलेले. दारातूनच तिने आईकडे पाहिलं. आई पेज पीत होती.

"आलीस का गो?" आई म्हणाली. "माझी पाठ चोळून दे आधी. हिला काही येत नाही."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. तिने ट्रंक खाली ठेवली, पदर खोचला आणि विचारलं, "तेल कुठे ठेवलंत?"

मी बाटली काढून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने मी दापोलीला निघाले. आई त्यानंतर चार वर्षं जगली.