कुंकू लागलेलं मेडल

नवरा बाईच्या नादी लागला असता तर भांडता तरी आलं असतं. आमचे हे, यादव गायधनी, लागले मेडलांच्या नादी. सातपूरच्या कारखान्यात लेथवर पाळी करायची आणि सुटलं की घरी न येता सायबर कॅफेत जाऊन बसायचं. तिथे इंटरनेटवर जुन्या लढायांतल्या वस्तूंचे लिलाव चालायचे. कुणाचं मेडल, कुणाचा खंजीर, कुणाच्या टोपीवरचा बिल्ला. हे बोली लावायचे, हरायचे, पुन्हा लावायचे. एखाद दिवशी कोलकात्याहून पार्सल आलं की यांची दिवाळी.

सासूबाई म्हणायच्या, "मेलेल्या माणसांच्या वस्तू घरात कशाला?" मीही आधी लय बोलले. पण एकदा यांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि पहिल्या महायुद्धातल्या एका चांदीच्या मेडलची कड दाखवली. इंग्रजीत बारीक कोरलेलं होतं : शिपाई चिमाजी, मराठा पलटण. हे म्हणाले, "बसऱ्याला लढलाय हा. परत आला की नाही, देव जाणे." त्या दिवसापासून मी ब्र काढला नाही. उलट नावं ठेवणाऱ्यांनाच फैलावर घेतलं.

मग २००६ ची खंडेनवमी आली. हे कारखान्यात यंत्रांच्या पूजेला गेले. घरी मी पाटावर विळा मांडला, कोयता मांडला, अडकित्ता मांडला. आणि कपाटात लढाईतली खरी हत्यारं, ती तशीच कोरडी ठेवायची? माझ्या जिवाला पटेना. संगीन, खंजीर, मेडलं, सगळं बाहेर काढलं. पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला, ओवाळलं. चिमाजीच्या मेडलला तर कडेने बोट फिरवून चांगलं चोळून कुंकू लावलं.

हे आले आणि दारातच ओरडले, "अगं बाई, काय करून बसलीस हे! जुन्या वस्तूला पाण्याचं बोटसुद्धा लावायचं नसतं!" पुसायला गेले, तर कुंकू अक्षरांत गच्च बसलेलं. आणि दिवाळीआधी प्रदर्शन होतं. संग्राहकांच्या मंडळाने यांना पहिल्यांदाच टेबल दिलं होतं. सुटाबुटातल्या त्या लोकांत आपलंही एक टेबल असावं म्हणून हा माणूस किती वर्षं झुरला होता, मला विचारा! त्या दिवसापासून यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. वाढलं की जेवायचे आणि उठायचे. मीही माघार घेतली नाही. पूजाच केली होती, चोरी नव्हती केली.

प्रदर्शनाला मला कुणी चल म्हटलं नव्हतं. तरी गेलेच. गंगापूर रोडवरचा तो हॉल माणसांनी भरलेला. मंडळाचे अध्यक्ष यांच्या टेबलापाशी आले, भिंग लावलं आणि त्यांचं तोंड कडू झालं.

"हे काय, कुंकू? अहो, वाट लावलीत वस्तूची! कुणी केला हा गाढवपणा?"

आता हे माझ्याकडे बोट दाखवणार आणि अख्खा हॉल मला हसणार. अध्यक्षांनी कसल्याशा औषधात भिजवलेला कापसाचा बोळा यांच्या हातात कोंबला. "आत्ताच्या आत्ता अक्षरं साफ करा, नाहीतर टेबल रिकामं करा. आमच्याकडे असलं चालत नाही."

यांनी मेडल उचललं. बोळा कडेपर्यंत नेला आणि थांबले. कुंकवाने अक्षरं अशी उठून दिसत होती की भिंगाची गरजच नव्हती. यांनी ती मोठ्याने वाचली, "शिपाई चिमाजी." मग बोळा अध्यक्षांच्या हातावर परत ठेवला.

"साहेब, याला आजवर कुणी ओवाळलं असेल की नाही, ठाऊक नाही. आमच्या हिने ओवाळलं. मी पुसणार नाही."

"मग टेबल..."

"तुमचं टेबल तुम्हाला लखलाभ!"

साहेबापुढे कधी मान वर न करणारा हा माणूस! मी तिथेच सगळ्यांदेखत रडले. रडले तर रडले, कुणाच्या बापाची भीती आहे का? दोघांनी मिळून सामान डब्यात भरलं. दाराशी एका म्हाताऱ्या फौजीने विचारलं, "अहो, मला बघायचं होतं. चाललात कुठे?"

"घरी," हे म्हणाले. "बघायचं असेल तर तिथे या. फक्त चपला बाहेर काढाव्या लागतील."